छप्पन सालच्या ट्रकचा कॅस्टर

शनिवार, ७ जून २००८

आजपासून लिहून ठेवतो. ह्या गावात तोंडी बोलण्याला काही अर्थ उरलेला नाही. उद्या कोणी विचारलं तर तारीख, वार आणि आकडा समोर ठेवता आला पाहिजे.

आज तिसरं दुकान झालं. तिथल्या तंत्रज्ञाने (खिशावर तसं शिवलेलं होतं म्हणून तंत्रज्ञ म्हणायचं) माझा ट्रक चाकांचे कोन मोजायच्या मशीनवर चढवला आणि कॉम्प्युटरात ‘१९५६, फोर्ड, पिकअप’ असं टाइप केलं. स्क्रीनवर मूळ गाडीचे आकडे आले. मी म्हटलं, ‘‘अरे, मूळ गाडीला पुढे एक अखंड अॅक्सल होता. तो मी गेल्या हिवाळ्यात कापून काढला. आता तिथे दुसऱ्या कंपनीचं पुढचं सस्पेन्शन आहे, दोन्ही चाकं स्वतंत्र.’’ तो म्हणाला, ‘‘तो पर्याय मेनूत नाही.’’ मेनूत नाही! जणू मी हॉटेलात जाऊन थालीपीठ मागत होतो.

शेवटी त्याने एक कागद छापून दिला. कॅस्टर डावा १.१ अंश, उजवा ०.९. काल माझ्या गराजमध्ये मी मोजला तेव्हा डावा ३.१ आणि उजवा ३.०. दोन अंशांचा फरक! हा मनुष्य दिवसाला दहा गाड्या अशा सरळ करून रस्त्यावर सोडतो. त्या गाड्यांसमोरून आपण जातो.

ट्रकचं दुखणं एकच. ताशी चाळीस मैलांच्या वर गेलं की तो रस्ता हुंगत चालतो. स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे सांभाळावं लागतं. सगळी जोडणी मी स्वतः केलेली आहे. वेल्डिंगसुद्धा. सांगलीत बी.कॉम. केलेल्या माणसाने लायब्ररीतली पुस्तकं वाचून आणि चार महिने भंगारावर हात बसवून ते केलं आहे. दोन वेल्ड मी मुद्दाम कापून आतून तपासले. कंपनीने पाठवलेल्या माहितीपत्रकाची पानं दोन, त्यातलं एक पान इशाऱ्यांचं.

दुकानात जायच्या आधी ट्रकमधलं इथल्या मराठी मंडळाचं सामान उतरवलं. बेचाळीस फोल्डिंग खुर्च्या, स्टेजच्या सहा फळ्या, मोठी पातेली, पराती, कढया. गेल्या गणपतीनंतर मंडळाची भाड्याची खोली सुटली, तेव्हापासून हे सगळं माझ्याकडे ट्रकच्या हौद्यात असतं. मीच सांगितलं की माझ्याकडे ठेवा, निदान पत्ता तरी लागेल. पण परक्या माणसाच्या अंगणात शंभर माणसांची पातेली घेऊन कुठे जायचं? उतरवायला पन्नास मिनिटं लागली.

जेवताना अहिल्या म्हणाली, ‘‘अहो, तीन दुकानं झाली. स्वानंदीकडे न्या ना.’’

मी आमटी वाढून घेतली.

रविवार, ८ जून

सकाळी सामान परत नीट रचलं. फळ्या तळाला, त्यावर खुर्च्या एकवीस-एकवीस, भांडी मागे. मग पुन्हा मोजणी.

माझी पद्धत इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको. गराजची फरशी दाराकडे पाऊण इंच उतरती आहे. अमेरिकेत सगळ्याच असतात आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. म्हणून मागच्या चाकांखाली फरशीचे तुकडे घालून चारही चाकं एका पातळीत आणतो. पुढच्या चाकांखाली पत्र्याच्या दोन-दोन चकत्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडखळत नाही. चाक वीस अंश आत, वीस अंश बाहेर, दोन्हीकडे डिजिटल लेव्हल लावायची, फरकाला दीडने गुणायचं. झाला कॅस्टर. डावा ३.१, उजवा ३.०. परवाचेच आकडे. तेव्हा दुकानाचं मशीन बिघडलेलं आहे. किंवा तंत्रज्ञ.

अहिल्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘हे कॅस्टर म्हणजे काय ते तरी सांगा. लोक विचारतात, यांचं काय बिघडलंय.’’

मी म्हटलं, ‘‘अगं, सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो की नाही? म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. तो कल म्हणजे कॅस्टर. कमी असला की चाकाला सरळ राहायची अक्कल उरत नाही.’’

‘‘मग तुमचा पुरेसा आहे ना?’’

‘‘पुरेसा आहे.’’

‘‘मग जातो का सरळ?’’

चहा पाणचट होता.

स्वानंदीबद्दल एकदाच लिहितो. आमची एकुलती एक मुलगी, वय सत्तावीस. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची दोन वर्षं पूर्ण केली, उत्तम मार्क होते, आणि एका सोमवारी सोडून आली. व्होकेशनल स्कूलमध्ये गेली. आता इथून नऊ मैलांवर हॉपकिन्समधल्या एका गराजमध्ये चाकं सरळ करायच्या, म्हणजे अलाइनमेंटच्या मशीनवर काम करते. ज्याला इंजिनिअरिंगची डिग्री मिळाली नाही आणि त्यापायी ज्याने वीस वर्षं आपल्याहून अर्धं येणाऱ्यांना ‘सर’ म्हटलं, त्याच्या मुलीने चालून आलेली डिग्री सोडावी, ह्यावर मी पाच वर्षांपूर्वी बोललो ते बोललो. दिवाळीला येते. आईशी रोज फोन असतो. मंडळात मी ‘ऑटोमोटिव्ह सेक्टर’ एवढंच सांगतो. ते खोटं नाही.

शनिवार, २१ जून

मंडळाची सहल, ब्रायंट लेकच्या पार्कात. सामान न्यायचं काम अर्थातच माझ्या ट्रकचं.

जाताना ट्रक इतका सरळ गेला की मी एकदा दोन बोटांवर स्टिअरिंग ठेवून पाहिलं. पंचेचाळीस मैल. रस्ता आखून दिल्यासारखा. मनात म्हटलं, तिन्ही दुकानदारांना मागे बसवायला हवं होतं.

सहलीत नेहमीचंच. भेळेत फरसाण आधी घालायचं की नंतर, ह्यावर तीन आयटीतले मॅनेजर अर्धा तास चर्चा करत होते. खुर्च्या, फळ्या, भांडी सगळं पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी मुंजीला हवं होतं, ते परस्पर तिकडे गेलं. मी ट्रक मोकळा घेऊन निघालो. आणि हायवेला लागल्यावर पुन्हा तेच! डावीकडे, उजवीकडे, दारुड्यासारखा. एकदा तर लेनची पांढरी रेघ ओलांडली. मागून हॉर्न वाजला. मागे दिगंबरची गाडी होती. दिगंबर म्हणजे यंदाचे मंडळाचे अध्यक्ष.

कारणं शोधली. वायव्येचा वारा होता. रस्त्याला मधोमध फुगवटा आहे. शिवाय जाताना अहिल्या दुसऱ्या गाडीत होती, येताना माझ्या शेजारी.

तिला म्हटलं, ‘‘तू उजवीकडे बसलीस की समतोल जातो.’’

ती म्हणाली, ‘‘अठ्ठावीस वर्षं बसतेय. आत्ता जायला लागला?’’

मंगळवार, २४ जून

दिगंबरचा फोन. आधी पाच मिनिटं हवापाणी, मग पाच मिनिटं नातवंडं, मग मुद्दा. कमिटीचं ठरलंय की यंदा गणपतीची मूर्ती माझ्या ट्रकमधून आणायची नाही. भाड्याची व्हॅन घेणार. ‘‘मोरेश्वरराव, राग मानू नका, मी स्वतः मागे होतो त्या दिवशी. छातीत धस्स झालं हो.’’

चार वर्षं मूर्ती ह्या ट्रकमधून येते. दिगंबरच्या तळघरातून हॉलपर्यंत, सात मैल. दुतर्फा इथली माणसं थांबून फोटो काढतात. जुन्या अॅक्सलवर चार वर्षं चाललं. मी कष्ट करून सुधारणा केल्यावर ह्यांना धस्स व्हायला लागलं!

बरंच बोलल्यावर एवढं कबूल केलं: एखाद्या दुकानाने लेखी दिलं की पुढची बाजू ठीक आहे, गाडी सरळ चालते, तर मूर्ती माझ्याकडे. सहा सप्टेंबरच्या आत.

लेखी. म्हणजे माझ्या दशांशापर्यंत अचूक आकड्यांना किंमत नाही. मेनूत थालीपीठ न सापडणाऱ्याच्या सहीला आहे.

शनिवार, १२ जुलै

चौथं दुकान. हे शोधून काढलं. शाकोपीला, ऑर्विल नावाचा सत्तरीचा म्हातारा. कॉम्प्युटर नाही. दोऱ्या, बुडबुड्याची गेज, आणि भिंतीवर १९७१ चं कॅलेंडर. पाहताक्षणी जरा बरं वाटलं. (मुंजीहून परत आलेलं सामान पुन्हा उतरवून गेलो. पंचावन्न मिनिटं. फळ्या जड झाल्यात की मी म्हातारा झालोय, कोण जाणे.)

म्हातारा आधी आडवा झाला आणि खालून सगळं बघितलं. दहा मिनिटं लागली. मग विचारलं, ‘‘वेल्डिंग कोणाचं?’’

‘‘माझं.’’

‘‘हं. बरं आहे.’’

हे इथल्या भाषेत फार झालं. मिनेसोटाची माणसं घर जळत असतानासुद्धा ‘जरा उकडतंय’ म्हणतात.

पण मग त्याने गेज लावली आणि म्हणाला, ‘‘एक. फार तर एक.’’

मी माझी वही उघडली. पद्धत सांगितली, पत्र्याच्या चकत्या, दीडने गुणणं, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पद्धत बरोबर आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मग एक अंश आहे.’’

लेखी द्यायला नाही म्हणाला. निघताना मात्र दारापर्यंत आला. ‘‘असली जुळवाजुळव केलेली पुढची बाजू आता कोणी समजून घेत नाही,’’ म्हणाला. ‘‘हॉपकिन्सला एक मुलगी आहे. इंडियन आहे. माझ्याकडचे अवघड ट्रक मी तिच्याकडेच पाठवतो. तिचा हात बघा एकदा.’’

मी म्हटलं, ‘‘हो का.’’

आणि निघालो.

रविवार, १३ जुलै

सामान चढवलं. मोजलं. ३.१ आणि ३.०.

ऑर्विलचे डोळे गेलेले आहेत. बुडबुडा त्याला दिसत असेल असं वाटत नाही. हॉपकिन्सबद्दल त्याचं मत किती धरायचं तेही त्याच मापाने ठरवावं लागेल.

अहिल्याला त्याने काय सांगितलं ते सांगितलं नाही. कारण नाही.

बुधवार, १६ जुलै

दुसरी डिजिटल लेव्हल आणली, पहिलीची परीक्षा घ्यायला. दोन्हींत ०.१ चा फरक. पहिली ठीक आहे.

शनिवार, २६ जुलै

आठवडाभर संध्याकाळी हेच. टायरमधली हवा चार वेगवेगळ्या दाबांवर पाहिली. स्टिअरिंगचे दांडे दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहेत का ते पाहिलं; आहेत. वरच्या आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. मागच्या स्प्रिंगचे पाटे तपासले. पुढचं काम केलं तेव्हाच दोन्ही बाजूंचे तीन-तीन पाटे मी काढून टाकले होते, कारण अहिल्या म्हणायची की ह्या ट्रकमध्ये बसलं की कवळी नसूनही पडेल असं वाटतं. आता मागची बाजू गादीसारखी झाली आहे. तिथे काही चूक नाही. कुठेच चूक नाही. आणि ट्रक सरळ चालत नाही.

खरं लिहायचं तर आज क्षणभर वाटलं की वेल्ड करतानाच आडव्या तुळईचा भाग तिरका बसला असेल. बोनेट उघडं ठेवून बराच वेळ उभा राहिलो. मग मोजलं. तिरका नाही.

टॉर्क रेंच हातात होता तेव्हा एक आठवलं. स्वानंदी चौदा वर्षांची असताना मी ह्याच रेंचचा आकडा चुकीच्या पट्टीवर वाचला होता. फूट-पाउंडाऐवजी दुसरीकडे. ती म्हणाली, ‘‘बाबा, तू राँग साइड वाचतोयस.’’ मी तिला बाहेर जायला सांगितलं. नंतर आकडा पाहिला. तिचं बरोबर होतं. हे आजवर कुठे नोंदवलेलं नव्हतं, म्हणून नोंदवतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

दिगंबर प्रत्यक्ष आला. हातात भाड्याच्या व्हॅनचं माहितीपत्रक. आत पांढरी गादी असलेली व्हॅन, वातानुकूलित. गणपतीला उकडू नये म्हणून असेल.

‘‘तुम्ही मूर्ती धरून व्हॅनमध्ये बसा ना, मोरेश्वरराव. मान तुमचाच.’’

‘‘मी ट्रक चालवतो, दिगंबर. मूर्ती धरायला तुमची कमिटी आहे. धरण्याचा अनुभव दांडगा आहे त्यांना, नऊ वर्षं खुर्च्याच धरून आहेत.’’

तो हसला. त्याला काही लागत नाही, हा त्याचा मोठा दोष. मग म्हणाला, ‘‘अहो पण तुमची स्वानंदी ऑटोमोटिव्ह सेक्टरमध्ये आहे ना? तिच्या ओळखीचं कोणी नाही का?’’

अहिल्या चहाचा ट्रे ठेवत होती. तिने तो ठेवला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ओळखीचं कशाला? ती स्वतःच करते. गराजमध्ये आहे ती. अलाइनमेंटच करते दिवसभर.’’

पाच वर्षं मी ह्या क्षणाची उत्तरं तयार ठेवली होती. दिगंबरच्या तोंडाचा वाकडा कोपरा, ‘अरेरे’, ‘पण हुशार होती हो’, ह्या प्रत्येकाला एक टोला ठरलेला होता.

दिगंबर म्हणाला, ‘‘अरे वा! मग प्रश्नच मिटला की! तुम्ही दोन महिने बाहेर कशाला फिरताय?’’

आणि बिस्किट चहात बुडवलं.

एकही टोला वापरता आला नाही. असा राग मला ह्या वर्षात आलेला नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

अहिल्याने परस्पर वेळ घेतली. शनिवार २३, सकाळी नऊ. मी म्हटलं, ‘‘मला विचारायचं होतंस.’’ ती म्हणाली, ‘‘विचारलं असतं तर सप्टेंबर उजाडला असता.’’ स्वानंदी काय म्हणाली, असं मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

सामान उतरवायला गेलो आणि पहिल्याच फळीला कंबर धरली. फळी तिथेच, मी तिथेच. अहिल्याने शेक दिला. म्हणाली, ‘‘भांड्यांसकट न्या. ती काय परकी आहे?’’

मुलीच्या कामाच्या जागी बेचाळीस खुर्च्या आणि कढया घेऊन जायचं. दिंडी निघाल्यासारखं. पण इलाज नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

क्रमाने लिहितो.

जाताना ट्रक सरळ चालला. अगदी सरळ. मला हे अजिबात आवडलं नाही. दुखणं डॉक्टरकडेच गप्प बसतं तसं.

गराज स्वच्छ होतं. हे कबूल करायला हवं. हत्यारं भिंतीवर आकाराप्रमाणे लावलेली, प्रत्येकाच्या मागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली. मालक ग्लेन नावाचा, पोट सुटलेला, प्रेमळ. स्वानंदी निळ्या कपड्यांत होती. खिशावर ‘स्वॅन’. एवढ्या नावाचं त्यांनी तेवढंच ठेवलंय. केस बांधलेले, डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी.

‘‘हाय बाबा. कंबर कशी आहे?’’

‘‘ठीक आहे.’’

‘‘ओके. चावी?’’

दिली.

तिने कॉम्प्युटरात काहीच टाइप केलं नाही. आधी चारही टायर हाताने दाबले, मग ट्रक रॅकवर घेतला, पुढे दोन्ही चाकं धरून हलवली, मग खाली गेली आणि टॉर्च लावून माझे वेल्ड बघायला लागली. एक-एक. मी हाताची घडी घालून उभा होतो. तिकडून आवाज आला, ‘‘ग्लेन, इकडे ये. हे बघ. हे यांनी घरी केलंय.’’ ग्लेन वाकून म्हणाला, ‘‘गुड.’’ एक्सलंट नाही म्हणाला. गुड.

मग सेन्सर लावले, चाकं वळवली. स्क्रीनवर आकडे आले. डावा ३.१. उजवा ३.०.

मी काय म्हणालो ते आठवतंय तसं लिहितो. मी मोठ्याने म्हणालो, ‘‘आता?’’ मग म्हणालो की चार दुकानं, चार! सत्तर वर्षांच्या माणसापासून वीस वर्षांच्या पोरापर्यंत कोणाला मोजता येत नाही. मी पत्र्याच्या चकत्यांवर काढलेला आकडा आणि हे मोठं थोरलं मशीन, दशांशापर्यंत एक. ‘‘दे लिहून,’’ मी म्हटलं. ‘‘सही कर.’’

स्वानंदीने कागद घेतला नाही. ‘‘बाबा, येताना कसा चालला?’’

‘‘सरळ.’’

‘‘ऑलवेज?’’

‘‘नाही. म्हणून तर फिरतोय ना दोन महिने.’’

ती मागे गेली, ताडपत्री उचलली आणि बराच वेळ आत बघत राहिली. ‘‘हे सगळं नेहमी असतं यात?’’

‘‘घरी असतं. दुकानात नेताना मी उतरवून नेतो.’’

‘‘आणि मेझर करताना?’’

मोजताना ते आतच होतं. मला कळलं होतं. फक्त तिला माझ्या आधी कळलं होतं, फार तर अर्धं मिनिट.

ती हसली नाही. हसली असती तर मी चावी घेऊन निघालो असतो. तिने हातमोजे चढवले आणि खुर्च्या उतरवायला लागली. ग्लेनही आला. मला हात लावू दिला नाही. बेचाळीस खुर्च्या, सहा फळ्या, सगळी पातेली गराजच्या मधोमध मांडली गेली. एका गिऱ्हाइकाने विचारलं की लग्न आहे का.

मी तेवढ्यात टेप काढून ट्रकचं मागचं टोक मोजत होतो. रिकामा झाल्यावर चार इंच वर आला. चार! पाटे मीच काढले होते. मागची बाजू वर गेली की पुढचं सगळं नाकावर झुकतं, आणि मागे कललेला तो कल उभा होतो. सायकलच्या चिमट्याचं उदाहरण मीच दिलं होतं.

मशीन: डावा १.०. उजवा ०.९.

‘‘दोन्ही करेक्ट आहेत,’’ स्वानंदी म्हणाली. ‘‘तुझेपण. त्यांचेपण.’’

मी म्हटलं, ‘‘ज्याला चार इंच दिसले नाहीत त्याचे आकडे बरोबर असून काय करायचंय?’’

ती म्हणाली, ‘‘बाबा, इट्स फाइन. इथे एक माणूस आला होता, त्याच्या ट्रंकमध्ये वर्षभर पियानोची लोखंडी फ्रेम होती. तो विसरला होता.’’

‘‘मी विसरलो नव्हतो. माझ्याकडे यादी आहे.’’

तेव्हा मात्र ती हसली. मी पण. किंवा तसं काही तरी झालं. कंबर दुखत होती.

मग तिने विचारलं, ‘‘तू कसा चालवतोस जास्त? एम्प्टी की लोडेड?’’

ह्यावर मला विचार करावा लागला. मूर्ती नेतो तेव्हा मागे मूर्ती आणि चार माणसं. एरवी रिकामा. पण एरवी चालवतोच कुठे? आठ वर्षं त्या ट्रकवर काम केलं. एकट्याने कुठे जायचं, हे कधी ठरवलंच नाही. तेही सांगितलं.

‘‘मग एम्प्टीला तीन सेट करते. लोड असताना पाच होईल, स्टिअरिंग जरा हेवी लागेल, पण सेफ. आणि विंटरमध्ये एकेक पाटा परत घाल. आहेत ना ठेवलेले?’’

‘‘लेबल लावून ठेवलेत.’’

‘‘ऑफ कोर्स.’’ मग म्हणाली, ‘‘पाटा घातलास की पुन्हा आण. तेव्हा परत बघावं लागेल.’’

मी म्हटलं, ‘‘बघू.’’ म्हणजे आणेन.

‘‘आता आत बस.’’

‘‘कुठे आत?’’

‘‘ड्रायव्हिंग सीटवर. तुझं वेट हवंय. ट्रक चालताना तू असतोस ना त्यात.’’

बसलो. एकशे अठ्ठ्याहत्तर पाउंड. ती खाली गेली. ‘‘बाबा, डोन्ट लीन,’’ खालून आवाज आला. मी सरळ बसलो. ‘‘बोलू पण नको, तू बोलताना हात हलवतोस.’’ आवाज तिचा, हुकूम माझा. मी तिला गराजमध्ये असंच बोलायचो.

एक तास दहा मिनिटं. मला फक्त बोनेटच्या कडेला मधूनमधून तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता. बोल्ट सैल करताना तिचा हात घाई करत नाही. आवळताना शेवटचा पाव आटा ती थांबून, ऐकून देते. ते पुस्तकात नसतं. मला ते यायला सहा वर्षं लागली. कोणी शिकवलं, असं विचारणार होतो, पण बोलायला बंदी होती.

शेवटी ती उठली, हात पुसले. स्क्रीनवर ३.० आणि ३.०. मी मशीनकडे बघितलं नाही असं दाखवत बघितलं.

‘‘टो किती ठेवलास?’’ पुढची चाकं समोर किंचित जवळ ठेवतात, तो टो.

‘‘एक सोळांश.’’

‘‘मीही तेवढाच ठेवला असता,’’ मी म्हटलं.

ती मान खाली घालून कागद छापत होती. म्हणाली, ‘‘आय नो.’’

परतताना मंडळाचं सामान ग्लेनने त्याच्या गाडीतून घरी पोचवलं, आणि मी ट्रक रिकामा आणला. मुद्दाम हायवेने. पंचावन्नवर दोन्ही हात सोडले. पाच सेकंद, मनात मोजून. वायव्येचा वारा होता.

शनिवार, ६ सप्टेंबर

मूर्ती आली. सात मैल, शून्य अडचण. दिगंबर माझ्या शेजारी बसला होता आणि सबंध वेळ रस्त्याऐवजी माझ्या हातांकडे बघत होता. स्टिअरिंग जड लागलं, ठरल्याइतकंच.

हॉलच्या पार्किंगमध्ये ढोल वाजत होते. मूर्ती उतरवून नेल्यावर मी थांबलो. कोणी कागद मागेल म्हणून शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला होता. कोणी मागितला नाही. दिगंबर तर ‘चला, आरतीला’ म्हणून निघालाच. मी म्हटलं, ‘‘थांबा. तुम्हाला लेखी हवं होतं.’’

‘‘अहो, राहू द्या हो, आला ना बाप्पा नीट.’’

‘‘नाही. कमिटीचा ठराव आहे.’’

कागद पुढे केला. त्याचा चष्मा गाडीत राहिला होता. हात लांब करून, डोळे बारीक करून बघायला लागला, त्याला अक्षर लागेना. दोन-तीन जण काय चाललंय म्हणून जवळ आले.

मग मीच वाचून दाखवला. ढोलांमुळे जरा मोठ्याने वाचावं लागलं. डावा कॅस्टर, उजवा कॅस्टर, कॅम्बर, टो, तारीख, आणि खाली, तपासणी व दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, आडनावासकट.